ढकलीची गोळी गेली वाहून

एक होता माळ. झाड नाही, सावली नाही. नुसता मोठ्ठा माळ.

माळावर होतं एक पाल, कापडाचं घर. पालात राहायचे म्हाकूबाबा आणि बायडाक्का. त्यांच्या होत्या वीस मेंढ्या. आणि एक घोडी. घोडीचं नाव लाली. लाली होती भारी खादाड.

आणि माळावर राहायची ढकली.

ढकली केवढी? तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी.

ढकली काय करायची? शेणाची गोळी करायची. गोल गोल गोळी. मग डोकं खाली, पाय वर, मागच्या पायांनी गोळी ढकलायची. गडगड गडगड! म्हणून सगळे तिला म्हणायचे ढकली.

ढकली होती कोण? कानात सांगते. शेणभुंगा! पण हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला वाटायचं, आपण ढकली. बस्स. तेव्हा तुम्हीही गप्प बसा हं. शू!

ढकली चालायची उलटी. कुठून आली ते दिसायचं. कुठे चालली ते दिसायचंच नाही. मग काय व्हायचं?

धप्प! कुणाला तरी धडकायची.

दरवर्षी माळावर ढकलीचे पुष्कळ भाऊबंद असायचे. यंदा माळ कोरडा. सगळे उडून गेले दूर. ढकली तेवढी राहिली. पोटात होतं ना अंडं! अंडं घेऊन लांब उडवत नाही.

अंड्याला हवं घर. घर कसलं? शेणाच्या गोळीचं. नाक मुरडू नका. बाळाला ऊब त्या गोळीत. बाळाला खाऊ त्या गोळीत. तुम्ही तुमचं घर खाऊन पाहिलंय कधी? नाही ना? मग!

तर ढकलीनं केली एक गोळी. छान गोल. गडगड गडगड निघाली घेऊन.

इतक्यात आला पाऊस. यंदाचा पाऊस फार लहरी. आला तर धो धो धो. गेला तर पत्ताच नाही.

धो धो धो! पाणी आलं. पाणी पळालं. आणि ढकलीची गोळी?

गडगड गडगड… बुडुक! गेली वाहून.

मग पडलं ऊन. कडक कडक ऊन. घटकेत माळ पुन्हा कोरडा.

ढकली रडली. थोडंसंच रडली. कारण पोटातलं अंडं म्हणालं,

"टुक!"

ढकली उठली. गोळी नव्हती, तरी सवय होती ना!

डोकं खाली, पाय वर,
ढकली निघाली भराभर.
तुरुतुरु तुरुतुरु…
धप्प!

कुणाला धडकली? मेंढीला.

ढकली म्हणाली,

"मेंढीमावशी, मेंढीमावशी, लेंडी दे.
लेंडीची करीन गोळी.
गोळीत ठेवीन अंडं."

मेंढी म्हणाली, "बें बें! दरवर्षी देते. हवी तेवढी देते. यंदा नाही. पोटात गवतच नाही, तर लेंडी कुठली? आधी गवत येऊ दे. मग देते."

तिकडे पालात म्हाकूबाबा बोलत होते.

"बायडा, परवा पाल उचलायचं. लांब जायचं. हितं गवात न्हाई. मेंढरं खात्याल काय? माजं मुंडासं?"

बायडाक्का म्हणाली, "मुंडासं नगा देऊ. मेंढरास्नी पचायचं न्हाई."

ढकलीनं ऐकलं. परवा मेंढ्या जाणार! मेंढ्या गेल्या तर लेंडी नाही. लेंडी नाही तर गोळी नाही. गोळी नाही तर अंडं ठेवायचं कुठे?

अंडं म्हणालं, "टुक टुक!"

डोकं खाली, पाय वर,
ढकली निघाली भराभर.
तुरुतुरु तुरुतुरु…
धप्प!

कुणाला धडकली? गवताला. गवत कसलं, नुसतं बुडखं. वाळलेलं, खुरटं.

ढकली म्हणाली,

"गवतदादा, गवतदादा, वर ये.
गवत येईल, मेंढी खाईल.
मेंढी खाईल, लेंडी देईल.
लेंडीची करीन गोळी.
गोळीत ठेवीन अंडं."

गवत म्हणालं, "सळ सळ! दरवर्षी येतो. मेंढीच्या पोटाला लागेल एवढा येतो. यंदा नाही. माझी मुळं तहानली. आधी मातीला पाणी पिऊ दे. मग येतो."

अंडं म्हणालं, "टुक टुक टुक!"

डोकं खाली, पाय वर,
ढकली निघाली भराभर.
तुरुतुरु तुरुतुरु…

आता धडकायला माती लांब थोडीच? पायाखालीच होती. ढकली थांबली आणि बसली. धप्प!

"आई गं! तव्यावर बसले की काय!"

तापली होती माती. कडक झाली होती, भाकरीच्या पापुद्र्यासारखी.

ढकली म्हणाली,

"मातीआई, मातीआई, पाणी पी.
माती पिईल, गवत येईल.
गवत येईल, मेंढी खाईल.
मेंढी खाईल, लेंडी देईल.
लेंडीची करीन गोळी.
गोळीत ठेवीन अंडं."

माती म्हणाली, "हुश्श! दरवर्षी पिते. घोट घोट पिते. यंदा नाही. पाऊस आला धो धो, पळाला धो धो. मला पिऊच दिलं नाही. आधी ढग हळू बरसू दे. मग पिते."

अंडं म्हणालं, "टुक टुक टुक टुक!"

ढग कुठे होता? टेकडीवर. लोळत पडला होता.

डोकं खाली, पाय वर,
ढकली निघाली भराभर.
तुरुतुरु तुरुतुरु…

चढली, घसरली. चढली, घसरली. चढली आणि…

फुस्स!

धप्प झालंच नाही. नुसतंच फुस्स. ढकली ढगाला धडकली नाही, ढगात शिरली!

मिशीवरचं पाणी पुसून ढकली म्हणाली,

"ढगमामा, ढगमामा, हळू बरस.
ढग बरसेल, माती पिईल.
माती पिईल, गवत येईल.
गवत येईल, मेंढी खाईल.
मेंढी खाईल, लेंडी देईल.
लेंडीची करीन गोळी.
गोळीत ठेवीन अंडं."

ढग म्हणाला, "गुडगुड! दरवर्षी बरसतो. हळूहळू बरसतो. यंदा नाही. मी रुसलोय."

"का रे मामा?"

"एवढं पाणी दिलं. मातीनं तोंडच उघडलं नाही! एक भोक नाही तिला. सगळं पाणी गेलं ओढ्यात. आधी गांडुळाला भोकं खणू दे. मग बरसतो."

अंडं म्हणालं, "टुक टुक टुक टुक टुक!"

ढकली टेकडीवरून उतरली. म्हणजे घरंगळली. यंदा गोळी नव्हती, म्हणून तीच गडगडली. गडगड गडगड… थेट ओढ्याच्या काठाशी. दगडाखाली होती जराशी ओल.

लुबुक!

कुणाला धडकली? गांडुळाला.

ढकलीनं नमस्कार केला.

गांडूळ म्हणाला, "अगं, ते माझं शेपूट. डोकं इकडे."

ढकली वळसा घालून तिकडे गेली. मग म्हणाली,

"गांडूळभाऊ, गांडूळभाऊ, भोकं खण.
गांडूळ खणेल, ढग बरसेल.
ढग बरसेल, माती पिईल.
माती पिईल, गवत येईल.
गवत येईल, मेंढी खाईल.
मेंढी खाईल, लेंडी देईल.
लेंडीची करीन गोळी.
गोळीत ठेवीन अंडं."

गांडूळ म्हणाला, "वळवळ! दरवर्षी खणतो. माळभर खणतो. यंदा नाही. पोटात कावळे ओरडतायत. दरवर्षी मातीत शेण पुरलेलं असतं. मी ते खातो आणि खणतो. यंदा कुणी पुरलंच नाही. आधी शेणभुंग्याला शेण पुरू दे. मग खणतो."

ढकली म्हणाली, "शेणभुंगा? तो कोण?"

शू! सांगू नका. ओठ मिटा.

गांडूळ म्हणाला, "मला डोळे नाहीत बाई. पण ऐकलंय. काळाकुळकुळीत असतो. डोक्याला फावडं असतं. मागचे पाय लांब लांब असतात."

"असला विचित्र प्राणी मी कधी पाहिलाच नाही!" ढकली म्हणाली. भाऊबंद होते, पण त्यांना ती धडकायची डोळे मिटून!

अंडं म्हणालं, "टुक टुक टुक टुक टुक टुक!"

डोकं खाली, पाय वर,
ढकली निघाली भराभर.
तुरुतुरु तुरुतुरु…

दगडामागे पाहिलं. शेणभुंगा नाही. काट्यांत पाहिलं. शेणभुंगा नाही. म्हाकूबाबांच्या पायताणात पाहिलं. शेणभुंगा नाही, पण वास मात्र होता.

तुरुतुरु तुरुतुरु…

टण्ण!

टण्ण? हा आवाज नवाच! ढकली वळली.

समोर होती पितळेची घागर. बायडाक्कानं चिंच लावून घासलेली. लख्ख लख्ख. आणि घागरीत उभा होता कोण?

काळाकुळकुळीत! डोक्याला फावडं! मागचे पाय लांब लांब!

"सापडला! शेणभुंगा सापडला!" ढकली ओरडली. मग एका दमात म्हणाली,

"शेणभुंग्या, शेणभुंग्या, शेण पुर.
शेणभुंगा पुरेल, गांडूळ खणेल.
गांडूळ खणेल, ढग बरसेल.
ढग बरसेल, माती पिईल.
माती पिईल, गवत येईल.
गवत येईल, मेंढी खाईल.
मेंढी खाईल, लेंडी देईल.
लेंडीची करीन गोळी.
गोळीत ठेवीन अंडं."

शेणभुंगा काही बोलेना. ढकलीनं पाय हलवला. त्यानंही हलवला. ढकलीनं मिशी हलवली. त्यानंही हलवली.

"नक्कल करतोस? माझ्या पोटात अंडं आहे आणि तू नक्कल करतोस?"

ढकलीनं घागरीला दिली एक लाथ. टण्ण!

बायडाक्का पालातून बाहेर आली.

"आगं बया! ढकले, कुनाशी भांडतीस गं?"

"या शेणभुंग्याशी! ऐकतच नाही हा माझं."

बायडाक्का हसली. पोट धरधरून हसली.

"आगं, घागरीत कोन बी न्हाई. त्यो शेणभुंगा म्हंजी तूच की गं!"

"मी?"

आता ओरडा रे मुलांनो. मोठ्यांदा ओरडा.

तूच! तूच! तूच!

ढकलीनं घागरीत पाहिलं. स्वतःकडे पाहिलं. पुन्हा घागरीत पाहिलं.

"अगंबाई! मीच की!"

बायडाक्का म्हणाली, "उलटी चालतीस न्हवं? समद्यांस्नी धडकलीस. सोताला तेवढी धडकायची र्‍हायली हुतीस."

ढकली खूश झाली. "मीच शेण पुरते! आत्ता पुरते!" आणि मग तिच्या ध्यानात आलं. शेण कुठे होतं? शेण नव्हतं, म्हणून तर ती निघाली होती!

ढकली मटकन खाली बसली. आता मात्र ती खूप रडली. अंडंही टुक म्हणेना.

इतक्यात म्हाकूबाबा ओरडले.

"बायडा! आगं बायडा! लालीनं खोगीर खाल्लं!"

खोगीर म्हणजे घोडीच्या पाठीवरची गादी. गादीत भरलेलं असतं वाळलं गवत. माळावर दुसरं गवत नव्हतं. लालीला लागली भूक. सकाळीच तिनं गादी फाडली आणि गवत खाऊन टाकलं. करम करम! म्हाकूबाबांना कळलं आत्ता.

"का गं खाल्लंस?" म्हाकूबाबांनी विचारलं.

लालीनं काय केलं? नुसतं शेपूट उचललं.

थप्प!

बायडाक्का म्हणाली, "ह्ये घे ढकले, तुज्या घराचा माल!"

आणि म्हाकूबाबा डोकं खाजवत म्हणाले, "खोगीर शिवल्याबिगर सामान लादायचं कसं? आता आठ दिस हितंच र्‍हावं लागतंय."

ढकली धावली. खोगीर ते केवढं, आणि लीद ती केवढी! एवढीशीच होती. बरोब्बर एका गोळीपुरती.

ढकलीनं गोळी केली. गोल गोल. गोळी पाहून अंडं म्हणालं, "टुक! टुक! टुक!"

ढकली गोळीपाशी उभी राहिली.

या गोळीत अंडं ठेवलं, तर बाळाला घर मिळेल. पण गांडूळ उपाशी राहील. ढग रुसेल, माती तहानेल. गवत येणार नाही. मेंढ्या दूर निघून जातील. मग बाळ मोठं होऊन काय ढकलेल? वारा?

ढकलीला फार वाईट वाटलं. तिनं पोटावरून पाय फिरवला.

"अंड्या, राजा, जरा थांब हं. ही गोळी गांडुळाची. पुढची तुझी. नक्की तुझी."

अंडं शहाणं होतं. गप्प बसलं.

डोकं खाली, पाय वर,
ढकली निघाली भराभर.
गडगड गडगड… गडगड गडगड…

ओढ्याच्या काठी आली. डोक्याच्या फावड्यानं खणलं. खर्र खर्र! आणि गोळी पुरली.

मग काय झालं?

गांडुळानं गोळी खाल्ली. मच मच मच! एकट्यानं नाही खाल्ली. आत्याला बोलावलं, काकाला बोलावलं. गांडुळांचं सगळं गणगोत जेवलं. मग सगळ्यांनी भोकं खणली. वळवळ वळवळ! इथे भोक, तिथे भोक. माळभर भोकंच भोकं.

भोकं पाहून ढगाचा रुसवा गेला. ढग बरसला. हळूच बरसला. झिम झिम झिम!

माती पाणी प्याली. घोट घोट प्याली. गुट गुट गुट!

गवत वर आलं. एक पातं, दोन पाती. मग हिरवं हिरवं. सळ सळ सळ!

मेंढीनं गवत खाल्लं. वीसही मेंढ्यांनी खाल्लं. करम करम करम!

आणि मग मेंढ्यांनी शेपट्या उचलल्या.

टप! टप! टप टप टप टप टप!

लेंड्याच लेंड्या!

मेंढी म्हणाली, "बें बें! घे गं ढकली, हवी तेवढी घे."

ढकलीनं लेंडीची केली गोळी. गोळीत ठेवलं अंडं. गोळी मऊ ओल्या मातीत पुरली. मग ढकली गोळीला टेकून झोपली. केवढी दमली होती!

म्हाकूबाबांचं खोगीर शिवून झालं. त्यांनी माळाकडे पाहिलं. हिरवागार माळ!

"बायडा," ते म्हणाले, "आता कशाला जायचं? यंदा हितंच र्‍हाऊ."

बायडाक्का म्हणाली, "र्‍हाऊ की. पर त्ये खोगीर लालीपासनं लांब ठेवा."

लेंड्यांचा वास गेला दूर दूर. ढकलीचे भाऊबंद आले उडत. भुर्र भुर्र भुर्र! एक आला, दहा आले, शंभर आले. माळभर गडगड गडगड!

पुढच्या वर्षी पाऊस कसा येईल? कुणाला ठाऊक! धो धो येईल, नाहीतर झिम झिम येईल. कदाचित उशिरा येईल. पण आता मातीला भोकं आहेत. शेण पुरायला शंभर जण आहेत. बघू या पुढच्या वर्षी काय होतं ते.

आणि अंड्याचं काय झालं?

बरेच दिवस गेले. एका सकाळी ढकली गवतात फिरत होती. तिच्या मागे जमीन हलली.

टुक!

मातीतून बाहेर आलं एक काळंकुळकुळीत बाळ. डोक्याला इवलंसं फावडं. मागचे पाय लांब लांब. बाळाला कुणी काही शिकवलं नव्हतं. तरी त्यानं लेंडी घेतली आणि…

डोकं खाली, पाय वर,
बाळ निघालं भराभर.
गडगड गडगड गडगड…
धप्प!

कुणाला धडकलं?

आईला!

इथे थांबली गोष्टीची गोळी. आता ती तुमच्या उशापाशी ठेवते. उद्या पुन्हा ढकलू.